'पहिला कोण?' एवढे विचारून भागत नाही : रॉचडेलचे टोनी कॉलिन्स आणि २६ वर्षांचे मौन

१/
इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर कोण? पुष्कळ ठिकाणी उत्तर सापडते : कीथ अलेक्झांडर, लिंकन सिटी, १९९३. हे उत्तर चुकीचे आहे. बरोबर उत्तर : टोनी कॉलिन्स, रॉचडेल, १९६०. मात्र एवढी दुरुस्ती करून धागा संपवणे मला मान्य नाही. 'पहिला' या शब्दाला आपण इतिहासात जे स्थान देऊन ठेवले आहे, त्यालाच माझा आक्षेप आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर वाढलेली आपली पिढी 'पहिला', 'पहिली', 'पहिले' यांच्या याद्या तोंडपाठ म्हणते. यादीत नाव चढले की प्रकरण मिटले. पहिल्याने दार उघडले आणि त्याच्या मागून रांग आत शिरली, असे आपण न तपासताच गृहीत धरतो. इतिहासाविषयीच्या कितीतरी लोकप्रिय पोस्ट याच गृहीतकावर उभ्या असतात. टोनी कॉलिन्स यांची कारकीर्द हे गृहीतक मुळापासून मोडून काढते.

३/
प्रथम एक खुलासा. क्रिकेटमधील 'टीम मॅनेजर' आणि इंग्लिश फुटबॉलमधील मॅनेजर यांत फार अंतर आहे. संघनिवड, डावपेच, सराव, खेळाडूंची खरेदी-विक्री हे सारे इंग्लिश मॅनेजरच्या हाती असे. छोट्या क्लबात तर पैशाची तोंडमिळवणीही त्यालाच पाहावी लागे. म्हणून मॅनेजरची नेमणूक म्हणजे क्लबाच्या अधिकाराच्या किल्ल्या सोपवणे होय. एखाद्याला संघात खेळू देणे आणि त्याच्या हाती संघ देणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पुढचा सारा वाद या भेदाभोवती फिरतो.

४/
टोनी कॉलिन्स यांचा जन्म १९२६ सालचा, लंडनच्या केन्सिंग्टन भागातला. आई गौरवर्णीय, वडील कृष्णवर्णीय. संगोपन आजी-आजोबांनी केले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते व्यावसायिक फुटबॉलमध्ये आले. डाव्या बगलेने धावणारे ते विंगर. शेफील्ड वेन्सडेच्या मुख्य संघात संधी मिळाली नाही. पुढे यॉर्क सिटी, वॉटफर्ड, नॉरिच सिटी, टॉर्की युनायटेड, पुन्हा वॉटफर्ड, क्रिस्टल पॅलेस आणि १९५९ मध्ये रॉचडेल. खालच्या श्रेण्यांतील कष्टकरी खेळाडूचा हा नेहमीचा मार्ग : दर दोन-तीन वर्षांनी नवे गाव, नवा क्लब.

५/
सहकार चळवळीचा थोडाफार परिचय असलेल्या मराठी वाचकाला रॉचडेल हे नाव परके नाही. १८४४ साली ज्या कारागिरांनी आपले सहकारी दुकान थाटले, ते 'रॉचडेल पायोनियर्स' याच गावचे. लँकेशायरमधील हे सुतगिरण्यांचे गाव. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या गिरण्यांना उतरती कळा लागली होती. गावाचा फुटबॉल क्लबही तसाच : पैसा तुटपुंजा, कीर्ती बेताची. १९५८ साली फुटबॉल लीगची चौथी श्रेणी निर्माण झाली आणि पुढच्याच वर्षी रॉचडेल तिच्यात घसरला.

६/
जून १९६० मध्ये या क्लबाने ३४ वर्षांच्या कॉलिन्सना खेळाडू-मॅनेजर नेमले. काळ लक्षात घ्या. दोनच वर्षांपूर्वी, १९५८ च्या उन्हाळ्यात, लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये कॅरिबियन वंशाच्या रहिवाशांवर जमावाने हल्ले केले होते. वर्णावरून नोकरी नाकारणे तेव्हा ब्रिटनमध्ये बेकायदा नव्हते. १९६५ चा वंशसंबंध कायदा सार्वजनिक ठिकाणांपुरता होता. नोकरी आणि घर या बाबी कायद्याच्या कक्षेत आल्या त्या १९६८ मध्ये. अशा देशात एका लीग क्लबाने आपल्या किल्ल्या कॉलिन्स यांच्या हाती दिल्या.

७/
त्या किल्ल्यांनी काय उघडत होते, हेही पाहू. चौथ्या श्रेणीत तळाला राहिलेल्या चार क्लबांना लीगमध्ये राहण्यासाठी दरवर्षी इतर क्लबांकडे मतांचा जोगवा मागावा लागे. त्यात जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या वेतनावरील आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा रद्द झाली. खेळाडूंच्या दृष्टीने तो न्यायच होता. पण त्यामुळे श्रीमंत क्लब अधिक बलवान झाले आणि रॉचडेलसारख्यांना खेळाडू टिकवणे दुरापास्त झाले. कॉलिन्स यांची परीक्षा नेमकी या वळणावर सुरू झाली.

८/
आणि मग १९६१-६२ चा हंगाम. लीग कप ही स्पर्धा तेव्हा अवघ्या दोन वर्षांची होती. चौथ्या श्रेणीतील रॉचडेल एकेक फेरी ओलांडत उपांत्य फेरीत पोहोचला. समोर ब्लॅकबर्न रोव्हर्स : पहिल्या श्रेणीतील, दोनच वर्षांपूर्वी एफए कपचा अंतिम सामना खेळलेला संघ. पहिल्या लढतीत रॉचडेल ३-१ ने जिंकला, दुसरीत १-२ असा हरला. एकूण ४-३. तीन श्रेणी वरच्या संघाला मागे टाकून रॉचडेल अंतिम फेरीत दाखल झाला.

९/
अंतिम फेरीत गाठ पडली दुसऱ्या श्रेणीतील नॉरिच सिटीशी, म्हणजे कॉलिन्स यांच्याच जुन्या क्लबाशी. रॉचडेलच्या स्पॉटलंड मैदानावर नॉरिच ३-० ने जिंकला. परतीची लढत कॅरो रोडवर १-० अशी संपली. करंडक हुकला. तरीही चौथ्या श्रेणीतील संघाने इंग्लंडमधील प्रमुख स्पर्धेची अंतिम फेरी गाठल्याची ही पहिली वेळ होती. तशी दुसरी वेळ येण्यास २०१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आर्सेनल आणि अ‍ॅस्टन व्हिला यांना नमवून ब्रॅडफर्ड सिटी अंतिम सामन्यात पोहोचला आणि स्वान्सीकडून ५-० ने हरला.

१०/
येथे जाणकार वाचक आक्षेप घेतील : 'त्या वर्षी अनेक बड्या क्लबांनी लीग कपमध्ये भागच घेतला नव्हता.' आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. स्पर्धा नवी होती आणि बड्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. अंतिम सामनाही तेव्हा वेम्बलीवर होत नसे. ती प्रथा १९६७ पासूनची. पण मग चौथ्या श्रेणीतील उरलेल्या क्लबांसाठीही मैदान तितकेच मोकळे होते ना? त्यांतला एकच अंतिम फेरीत गेला. बड्यांच्या गैरहजेरीने रॉचडेलचा पराक्रम लहान होत नाही; त्याची आठवण मात्र लहान झाली. वेम्बलीविना, गाजावाजाविना झालेला सामना स्मृतीत टिकत नाही.

११/
आता मूळ प्रश्न. असा पराक्रम करणाऱ्या मॅनेजरचे त्या काळी पुढे काय होत असे? बिल शँकली यांनी कार्लाइल, ग्रिम्सबी, वर्किंग्टन, हडर्सफील्ड अशा पायऱ्या चढत १९५९ च्या अखेरीस लिव्हरपूल गाठले. अल्फ रॅम्झी यांनी तिसऱ्या श्रेणीतील इप्सविच वर आणला, नेमक्या १९६१-६२ च्या हंगामात त्याला लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि त्यानंतर इंग्लंडचा राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. खालच्या श्रेणीत स्वतःला सिद्ध करावे आणि वर जावे, अशी ही शिडी होती.

१२/
रॅम्झी यांचे यश कॉलिन्स यांच्याहून कितीतरी मोठे होते. दोघांना एका तागडीत तोलण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा शिडीचा आहे. शँकलींच्या पहिल्या तीन क्लबांत त्यांच्या नावावर एकाही बड्या स्पर्धेची अंतिम फेरी नव्हती, तरी पुढची पायरी त्यांना मिळत गेली. कॉलिन्स मात्र १९६२ नंतर आणखी पाच वर्षे रॉचडेललाच राहिले. १९६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर कोणत्याही लीग क्लबाची कायम धुरा त्यांच्या हाती आली नाही. वय होते ४१.

१३/
मग ते फुटबॉलमधून बाहेर पडले का? मुळीच नाही. त्यांच्या पारखी नजरेला मागणी होती. डॉन रेवी यांच्या लीड्ससाठी ते प्रतिस्पर्धी संघांचे बारकाईने निरीक्षण करून अहवाल तयार करत. ब्रिस्टल सिटीत ते अ‍ॅलन डिक्स यांचे सहायक होते. १९८० मध्ये डिक्स गेल्यावर काही काळ त्यांनी तात्पुरता कारभार पाहिला. पुढे मँचेस्टर युनायटेडसाठी त्यांनी खेळाडू हेरले; पॉल मॅक्ग्रा आणि ली शार्प यांच्या शोधाशी त्यांचे नाव जोडले जाते.

१४/
या तपशिलाचा अर्थ नीट लावला पाहिजे. देशातील सर्वोच्च क्लबांना कॉलिन्स यांचे ज्ञान हवे होते, त्यांचा सल्ला हवा होता, त्यांचे अहवाल हवे होते. म्हणजे त्यांना फुटबॉल कळत नव्हते, हा बचाव कोणालाही करता येणार नाही. हवे होते ते डोळे. अधिकार दुसऱ्याच्या हाती राहिला. २०१६ साली त्यांच्या कन्येने सहलेखन केलेले चरित्र आले, त्याच्या शीर्षकातही 'मास्टर स्पाय' हेच शब्द आहेत. एका मॅनेजरची ओळख अखेर हेर म्हणून उरली.

१५/
दुसरा आक्षेप येतो तो असा : '१९६० मध्ये त्यांच्या वर्णाचा कोणी गवगवा केला नाही. याचा अर्थ तेव्हाचे फुटबॉल निकोप होते. वंशवादाचा चष्मा तुम्ही आज लावत आहात.' हा युक्तिवाद दिसतो साधा, पण त्यात मोठी फसगत आहे. गवगवा झाला नाही म्हणूनच १९९३ मध्ये सर्वांना त्यांचा विसर पडू शकला. नोंद न होणे हे समतेचे लक्षण समजले, तर इतिहासातील प्रत्येक उपेक्षिताला आपण 'समाधानी' ठरवून मोकळे होऊ.

१६/
कॉलिन्स यांची नेमणूक नेमकी झाली कशी, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. ते क्लबातच खेळत होते. चालकांना त्यांची पारख होती, आणि खेळाडू-मॅनेजर नेमणे स्वस्तही पडे. खालच्या श्रेण्यांत नेमणुका जाहिरात आणि मुलाखतीपेक्षा ओळखीने होत. ओळखीचे दार असेच असते : एखाद्यासाठी उघडते आणि त्याच ओळखीच्या न्यायाने बाकी सर्वांसाठी बंद राहते. रॉचडेलने एका माणसावर विश्वास टाकला, हे त्या क्लबाचे श्रेय. ते श्रेय इंग्लिश फुटबॉलच्या खाती जमा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

१७/
कालक्रमातील विरोधाभास पाहा. भेदभाव कायदेशीर असताना, १९६० मध्ये, कॉलिन्स मॅनेजर झाले. १९६८ मध्ये नोकरीतील भेदभाव बेकायदा ठरला. १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय खेळाडूंची मोठी पिढी उदयास आली : वेस्ट ब्रॉमविचचे सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम, ब्रेंडन बॅटसन. १९७८ मध्ये विव्ह अँडरसन इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळले. कायदा सुधारला, खेळाडू वाढले. तरीही १९९३ मध्ये लिंकनच्या मॅनेजरला 'पहिला' म्हणता आले. कोणाच्याही डोळ्यांसमोर मधले एक नावही नव्हते, असाच त्याचा अर्थ. इतिहास आपोआप पुढे सरकतो, असे मानणाऱ्यांनी ही २६ वर्षे लक्षात ठेवावीत.

१८/
कीथ अलेक्झांडर यांना कमी लेखण्याचा येथे प्रश्नच नाही. त्यांच्यावर तर त्या बिरुदाने अन्यायच केला. नॉटिंगहॅममध्ये १९५६ साली जन्म. वर्षानुवर्षे लीगबाहेरच्या क्लबांत खेळून वयाच्या ३१ व्या वर्षी ग्रिम्सबीमार्फत फुटबॉल लीगमध्ये प्रवेश. आंतरराष्ट्रीय फुटबॉल ते सेंट लुसियाकडून खेळले. १९९३ मध्ये लिंकनने त्यांना मॅनेजर केले आणि एका हंगामानंतर काढून टाकले. 'पहिला' म्हणून टाळ्या मिळाल्या. चुका करत शिकण्याची मुदत मिळाली नाही. पुन्हा लीगबाहेर इल्केस्टन आणि नॉर्थविच येथे त्यांनी नव्याने सुरुवात केली.

१९/
खरी कामगिरी पुढे आहे. २००२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावरून नुकताच परतलेला लिंकन पुन्हा त्यांच्याकडे आला. त्या कंगाल संघाला त्यांनी सलग चार हंगाम बढतीच्या प्ले-ऑफपर्यंत नेले. दोनदा अंतिम सामना गाठला : २००३ मध्ये बोर्नमथकडून आणि २००५ मध्ये साउथएंडकडून पराभव. दरम्यान २००३ च्या अखेरीस मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने ते मृत्यूच्या दारात जाऊन आले आणि काही महिन्यांत कामावर परतले. मार्च २०१० मध्ये मॅकल्सफील्डचे मॅनेजर असताना, सामना आटोपून घरी परतल्यावर, ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या माणसाचे मोल एका विशेषणात मावत नाही.

२०/
आता विशेषणांचा खेळ पाहा. कॉलिन्स यांचे नाव पुढे आल्यावर अलेक्झांडर 'पहिले पूर्णवेळ' झाले, कारण कॉलिन्स सुरुवातीला खेळाडू-मॅनेजर होते. पण १९६१ नंतर कॉलिन्स यांनीही खेळणे थांबवून केवळ मॅनेजरपदच सांभाळले! १९९६ मध्ये चेल्सीचे रुड खुलिट 'प्रीमियर लीगमधील पहिले' झाले. २००८ मध्ये पॉल इन्स 'प्रीमियर लीगमधील पहिले इंग्लिश' झाले. क्लब होता ब्लॅकबर्न, कॉलिन्स यांच्या रॉचडेलने हरवलेला तोच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इन्स यांना काढण्यात आले. विशेषण लांबवत नेले की दर दहा-पंधरा वर्षांनी नवा 'पहिला' साजरा करता येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा हिशेब कोणी मागत नाही.

२१/
विस्मृतीची ही रीत मॅनेजरांपुरती नाही. ऑर्थर व्हार्टन यांचा जन्म आजच्या घानातील आक्रा येथला. १८८६ मध्ये त्यांनी १०० यार्डांची शर्यत १० सेकंदांत धावून विक्रम केला आणि पुढे ते व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. १९३० मध्ये वारले. त्यांच्या कबरीवर शिळा बसली ती १९९७ मध्ये. प्लिमथचे जॅक लेस्ली यांची १९२५ मध्ये इंग्लंडच्या संघासाठी निवड झाली आणि मग त्यांचे नाव वगळण्यात आले. त्यांचा पुतळा उभारला गेला २०२२ मध्ये. सन्मान होतो, पण तो ज्याला काहीच मागायचे उरलेले नाही त्याचा.

२२/
कॉलिन्स त्या मानाने भाग्यवान. मॅनेजरांच्या संघटनेने २०१७ मध्ये त्यांचा विशेष गौरव केला, तेव्हा ते हयात होते, वय ९१. फेब्रुवारी २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी ते गेले. दरम्यान २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगने अमेरिकन फुटबॉलमधील 'रूनी नियमा'च्या धर्तीवर नियम केला : मॅनेजर निवडताना मुलाखती घेतल्या, तर किमान एक उमेदवार कृष्णवर्णीय, आशियाई किंवा अन्य अल्पसंख्य समाजातील असावा. कॉलिन्स यांच्या नेमणुकीनंतर ५९ वर्षांनी, मुलाखतीला बोलवा, एवढे सांगण्यासाठी नियम करावा लागला. पहिल्याने दार उघडले असते, तर या नियमाची गरज काय होती?

२३/
माझे प्रतिपादन थोडक्यात असे. 'पहिला' कोण, हे अवश्य शोधावे. पण त्याला जोडून तीन प्रश्न विचारल्याशिवाय पोस्ट पूर्ण मानू नये.
एक : दुसरा कोण, आणि तो किती वर्षांनी आला?
दोन : पहिल्याला पुढची पायरी मिळाली का, की त्याला यादीत बसवून त्याची वाट तिथेच संपली?
तीन : 'पहिला' ही पदवी त्याला कोणी, केव्हा दिली, आणि ती देताना कोणाचे नाव पुसले गेले?
पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते वर्षांत. समाजाची प्रगती मोजायची तर त्या वर्षांत मोजावी.

२४/
दिग्गजांच्या चरित्रांतून या प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत. ती चौथ्या श्रेणीत, गिरणगावच्या मैदानावर, हरलेल्या अंतिम सामन्यांत आणि नाकारलेल्या नोकऱ्यांत दडलेली असतात. सत्ता कोणाच्या हाती जाते हे तळाशी अधिक स्पष्ट दिसते, कारण तिथे झाकायला वैभव नसते. एका विशिष्ट क्लबाने कॉलिन्सना वर्णावरून नाकारले, असा आरोप मी करत नाही. ४१ व्या वर्षी संपलेले मॅनेजरपद, त्यानंतर दोन दशके टिकलेली हेराची मागणी आणि २६ वर्षांचे मौन, या तीन गोष्टी एकत्र ठेवून कोणी वेगळा निष्कर्ष काढत असेल, तर त्याने तो सप्रमाण मांडावा. स्वागत आहे.

२५/
पुढच्या वेळी 'अमुक क्षेत्रातील पहिला' अशी पोस्ट समोर आली, की खाली एकच प्रश्न लिहा : 'आणि दुसरा?' उत्तर आले नाही, तर ती पोस्ट अर्धीच लिहिली गेली आहे, असे खुशाल समजा.

(धागा समाप्त. सहमती असो वा मतभेद, पुराव्यानिशी लिहा. उत्तरे वाचतो आहे.)